विषय: पुढील उजवा स्पीकर

आमच्या समन्वय कार्यालयाला नवीन गाडी मिळाली आणि तिच्यात ऑडिओ सिस्टिम आधीपासूनच बसवलेली निघाली, ही बाब मी सर्वप्रथम गांभीर्याने नमूद करतो. ती आम्ही मागितली नव्हती. मागणीपत्रात चार चाकं, पाच आसनं आणि एक जादा चाक एवढंच होतं. ते मीच लिहिलं होतं, त्यामुळे मला पक्कं ठाऊक आहे. पण हल्ली गाड्या अशाच येतात. समोर मधोमध पाटीएवढा काचेचा पडदा, त्याच्या कडेला दोन गोल खटके, स्टिअरिंगवर सहा बटणं आणि चारही दारांत एकेक स्पीकर. गाडीचा रंग कोणता हवा हे आम्हाला तीनदा विचारलं होतं, या ऑडिओबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता.

मी वाहन शाखेचा अधीक्षक. शाखेत एक गाडी, एक चालक, एक कपाट आणि मी. आमचं कार्यालय नेमका कशाचा समन्वय करतं हे मला नोकरीला लागल्यापासून विचारायचं आहे, पण ते कोणाला विचारायचं याचा समन्वय अजून झालेला नाही. ते असो.

गाडी आली त्याच दिवशी प्रश्न उभा राहिला की यातला आवाज कोणी ऐकायचा. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची पायरी ठरलेली आहे. हात असलेली खुर्ची कोणाला, बिनहाताची कोणाला, कोणाच्या खिडकीला पडदा आणि कोणाच्या खिडकीला नुसतीच दांडी, सगळं लेखी आहे. हा आवाज मात्र निर्लज्जासारखा सगळ्या आसनांना सारखाच मिळत होता. मागे कार्यालयप्रमुख मॅडम जे गाणं ऐकतायत तेच गाणं, त्याच क्षणी, पुढे चालक ऐकतोय आणि वर मान डोलावतोय. दुसऱ्या दिवशी मॅडम गाडीतून उतरता उतरता मला म्हणाल्या, "याचं काहीतरी बघा." या तीन शब्दांवर आमचं अख्खं कार्यालय चालतं.

मी गाडीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिकला बोलावलं. त्याने पडद्यावर बोटाने दोन-चार टिचक्या मारल्या आणि एक चित्र काढून दाखवलं. गाडी वरून बघितल्यासारखी, आत आसनं आणि मधोमध एक ठिपका. "हा ठिपका सरकवाल तिकडे आवाज जातो," तो म्हणाला. त्याने ठिपका मागे डावीकडे नेला. आवाज उठून मॅडमच्या आसनाशी जाऊन बसला. मी त्या ठिपक्याकडे बघतच राहिलो. जे मी चोवीस वर्षं कागदावर करत आलो, ते ही गाडी एका बोटाने करत होती.

त्याच आठवड्यात मी ध्वनी अनुज्ञेयता परिपत्रक काढलं. मागचं डावं आसन, म्हणजे मॅडम: पूर्ण आवाज. मागचं उजवं आसन, म्हणजे सोबतचे अधिकारी: निम्मा. पुढचं डावं आसन, म्हणजे अस्मादिक: आवाज अनुज्ञेय, मात्र खर्ज वगळून. खर्ज ही वरच्या वर्गाची गोष्ट आहे, तो छातीत जाऊन बसतो. मेकॅनिक म्हणाला की खर्ज असा आसनवार तोडता येत नाही, तेव्हा माझ्या दारातल्या स्पीकरवर फडक्याची जाड घडी करून दाबून बसवली. नियम करताना मी स्वतःलाही सोडत नाही. राहिला चालक. त्याने गाडी चालवायची, त्याला कानांचं काय काम, असा मी युक्तिवाद केला आणि तो कोणीही खोडला नाही. पुढच्या उजव्या स्पीकरची वायरच काढून टाकली.

थोडी अडचण झाली ती रस्ता सांगणाऱ्या बाईमुळे. ही बाई पडद्यात राहते आणि मुळात चालकाच्याच स्पीकरातून बोलते. तो बंद झाल्यामुळे तिची बदली मॅडमच्या स्पीकरात करण्यात आली. आता 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' ही सूचना प्रथम मॅडमना मिळे. मॅडम ती शेजारच्या अधिकाऱ्यांना सांगत, ते मला सांगत, मी ती वहीत नोंदवून घेई आणि चालकाला कळवी. तोवर ते डावं वळण बरंच मागे पडलेलं असे. एकदा आम्ही उपकार्यालयाच्या तपासणीला निघालो आणि सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यात पोहोचलो. तपासणी ठरलेली होती, म्हणून तिथलीच केली. मालकाने आम्हाला पाणी दिलं आणि एकूण एक पाइप दाखवला. अहवालात आम्ही 'कर्मचाऱ्यांची उपस्थिती समाधानकारक' असं लिहिलं आणि तो अहवाल वर मंजूर झाला.

या सगळ्यात चालकाने एकदाही तोंड उघडलं नाही. ऑफिसात त्यांना सगळे मामा म्हणतात, मॅडमसुद्धा. पन्नाशी उलटलेली, बोलणं मोजकं. इथे लागण्याआधी त्यांची स्वतःची टॅक्सी होती. असे हे मामा एका सोमवारी अर्ध्या पानाचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"साहेब, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी माझी लेक रेडिओवर गाणार आहे. चार ते चार दहा. पहिल्यांदाच."

"अभिनंदन."

"त्या दिवशी मॅडमचा दौरा आहे. मी गाडीवर असणार."

"मग रजा टाका."

"टाकली होती. पर्यायी चालक नाही म्हणून तुम्हीच नामंजूर केलीत."

हे खरं होतं.

"मग मोबाइलवर ऐका."

"ड्यूटीवर माझा मोबाइल तुमच्या खणात असतो, साहेब."

हेही खरं होतं. तो नियमही माझाच, आणि चांगला उतरला होता. मी म्हणालो, "मग घरच्यांना रेकॉर्ड करून ठेवायला सांगा."

मामांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. "ठेवतील हो. पण ती म्हणाली, बाबा, तुम्ही ऐकताय असं धरून गाईन. मग त्याच वेळी ऐकायला नको का? दहा मिनिटांसाठी तेवढा माझ्या बाजूचा स्पीकर जोडून द्या. नंतर परत काढा, माझं काही म्हणणं नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते अर्जात नव्हतं. त्यांच्या खोलीच्या भिंती पातळ. मुलीने सूर लावला की शेजारी भिंत ठोकायचे, आवाज कमी करा म्हणून. मग मामा तिला टॅक्सीत बसवायचे, काचा वर करायचे आणि दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा गावाबाहेरच्या रस्त्याला तासभर चक्कर मारायचे. "बारा वर्षं ती माझ्या पाठीमागे बसून गायली, साहेब," मामा म्हणाले. "समोरून कधी ऐकलीच नाही."

माझा हात पेनाकडे गेला, खोटं कशाला सांगू. पण भावनेच्या भरात सही करणाऱ्यांपैकी मी नाही. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "अर्ज विहित नमुन्यात नाही."

"नमुना द्या, भरतो."

"असा नमुना अस्तित्वात नाही."

"मग?"

"मग तो आधी तयार करावा लागेल," मी म्हणालो, आणि कामाला लागलो. मामांच्या लेकीसाठी मी काय केलं नाही ते विचारा.

नमुना ध्व-एक मी दोन दिवसांत तयार केला. ऐकणाऱ्याचं नाव, ऐकायच्या आवाजाचं नाव, दोहोंमधलं नातं आणि ऐकण्यासाठी वापरायचा कान, असे चार रकाने. मामांनी शेवटच्या रकान्यात 'दोन्ही' लिहिलं. इथेच घोटाळा झाला, कारण कागद पुढे टाचणींकडे जायचा होता. टाचणी हे आमचे छाननी अधिकारी. त्यांचं खरं नाव सेवापुस्तकात आहे, पण ते भेटले की कुठे ना कुठे टोचतंच, म्हणून तोंडी सगळे टाचणी म्हणतात.

"स्पीकर उजव्या दारात आहे," टाचणी म्हणाले. "डावा कान कशासाठी?"

"तो त्यांना आहे म्हणून," मी म्हणालो.

"असेल. पण त्याची गरज सिद्ध झालेली नाही."

मामांनी गुमान 'उजवा' असं लिहून दिलं. मग टाचणींनी मुलीच्या जन्माचा दाखला मागितला. तो मिळाल्यावर ते म्हणाले की यावरून मामांना मुलगी आहे एवढंच सिद्ध होतं, रेडिओवर गाणारी तीच असेल हे सिद्ध होत नाही, कारण रेडिओवर चेहरा दिसत नाही. मामा तिच्या आवाजाचा नमुना घेऊन आले. टाचणींनी तो लक्षपूर्वक ऐकला आणि शेरा मारला: 'आवाज ऐकला. चांगला आहे. तुलनेसाठी दुसरा आवाज उपलब्ध नाही.' कागद पुढे सरकला. 'चांगला आहे' हे शब्द त्यांनी नंतर खोडले, पण खालून दिसत होते.

खरी मेख पुढे होती. मामांच्या स्पीकरातून निघालेला आवाज मामांच्या कानापाशी थांबेल याची हमी काय? तो मागे सांडला तर? मॅडमना पूर्ण आवाज आधीच मिळतो, त्यात हा वरून पडला तर त्यांना मर्यादेपेक्षा जास्त आवाज मिळाला असं होईल. आणि माझ्या आसनावर तो खर्जासकट सांडला तर विचारायलाच नको.

सांडण्याची चाचणी घ्यायचं ठरलं. मेकॅनिकने वायर तात्पुरती जोडली. टाचणी मॅडमच्या जागी डोळे मिटून बसले आणि आवाज ऐकू आला की बोट वर करायचं असं ठरलं. रेडिओ लावला, टाचणींचं बोट वर. आवाज कमी केला, बोट वरच. मी घरून उशी न्यायची ठरवली. बायकोने विचारलं, "ऑफिसात झोपायचा विचार आहे का?"

"नाही, आवाज अडवायचाय."

"मग परत आणा ती. तुम्ही बोलायला लागलात की इथे लागेल."

उशी मधे धरली तरी टाचणींचं बोट वर. शेवटी रेडिओ पूर्ण बंद केला, तरी बोट वर होतं. बघतो तर गृहस्थ झोपले होते. तेव्हा चाचणीचा नाद सोडून मॅडमकडून ना-हरकत पत्र घेतलं: 'माझ्या आसनापर्यंत आवाज सांडल्यास व तो मला ऐकू आल्यास, तो मी ऐकला असे समजण्यात येऊ नये.' मॅडमनी सही करताना पहिल्यांदाच वर बघून विचारलं, "ही मुलगी काय गाते?" मला ते माहीत नव्हतं. नमुन्यात तो रकाना नव्हता.

आवाजाची पातळी सात मंजूर झाली. त्यावर मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, ही सिस्टिम वेगाबरोबर आवाज आपोआप वाढवते. गाडी पळायला लागली की टायरचा आवाज होतो ना, म्हणून. साताचे नऊ होतील, दहा होतील."

"ते बंद नाही करता येत?"

"येतं की."

"बंद करायचे अधिकार कोणाला आहेत?"

"कोणालाही. पडद्यावर बोट ठेवायचं."

'कोणालाही' असं पद आमच्या कार्यालयात नाही. त्यामुळे गुरुवारी चार ते चार दहा या काळात गाडीचा वेग ताशी वीसच्या वर जाऊ नये असा आदेश काढला आणि प्रकरण मुख्यालयाकडे पाठवलं.

मुख्यालयाचं उत्तर आदल्या संध्याकाळी आलं. परवानगी मिळाली होती. मी स्वतः मामांना सांगायला खाली गेलो. मामा गाडी पुसत होते. त्यांनी पुसलेला तोच आरसा परत एकदा पुसला. अटी दोनच होत्या. एक, ऐकणं त्रिसदस्यीय समितीच्या देखरेखीखाली व्हावं. दोन, कार्यक्रम सुरू झाल्याची खातरजमा मुख्यालय त्याच वेळी फोनवरून करील, सबब अधीक्षकांचा मोबाइल गाडीच्या सिस्टिमला जोडून ठेवावा, म्हणजे समितीला संभाषण ऐकता येईल.

माझा मोबाइल जोडताना मेकॅनिक चाचरला. "साहेब, फोन आला की रेडिओ आपोआप बंद पडतो. आधी फोन, मग रस्ता सांगणारी, मग रेडिओ. गाडीचा क्रमच तसा आहे."

गाडीलाही सेवाज्येष्ठता यादी आहे हे ऐकून मला तिच्याबद्दल आदर वाटला. तो काय सांगतोय हे मात्र त्या क्षणी माझ्या लक्षात आलं नाही, ही माझी चूक.

गुरुवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बूट असे चमकत होते की रेडिओवर तेच गाणार आहेत असं वाटावं. त्यांच्या शेजारी मी. मागे डावीकडे मॅडम, उजवीकडे टाचणी आणि मधे, तांत्रिक सदस्य म्हणून, मांडीवर माझी उशी घेतलेला मेकॅनिक. चारला पाच कमी असताना वायर जोडली आणि तसा कागद करून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. चारला दोन कमी असताना गाडी ताशी वीसवर आली. मागे एक बस भोंगा वाजवत राहिली. एक मास्तर सायकलवरून आमच्या बरोबरीला आले, काचेशी वाकून त्यांनी मोठ्याने विचारलं, "धक्का मारायचाय का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघून गेले.

चार वाजले. निवेदिका म्हणाली की आता एक नवी गायिका आपल्यासमोर येत आहे. मामांनी खटका सातवर आणला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवले. एक बारीक सूर लागला. त्यामागून मुलीचा आवाज आला, अगदी सावकाश, पहिल्या पायरीवर पाय ठेवून बघावा तसा.

"तीनशे मीटरवर उजवीकडे वळा," पडद्यातली बाई म्हणाली.

गाणं गेलं. बाईंनी वळण, पुढचा चौक आणि त्याच्या पुढचा पूल असं सगळं सविस्तर समजावलं. मॅडम म्हणाल्या, "हिला बंद करा."

"बंद केली तर रस्ता कोण सांगणार, मॅडम?" मी म्हणालो.

"मला पाठ आहेत इथले सगळे रस्ते," मामा म्हणाले. "टॅक्सी होती ना माझी."

त्या पाइपांच्या कारखान्याची आठवण एकाच वेळी चौघांना झाली असावी. मॅडमनी विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"वळा म्हटलंत, वळलो. रस्ता मला कोणी विचारला नाही, मॅडम."

बाईंना बंद केलं. गाणं परत आलं, पण एवढ्यात टुंग टुंग टुंग असा गजर सुरू झाला आणि आवाज त्याखाली दबला. कोणाचा तरी पट्टा लावलेला नव्हता. मेकॅनिकचा होता, आणि त्याचं बक्कल उशीखाली अडकलं होतं. टाचणी बक्कल शोधायला वाकले, मेकॅनिक उशी वर करायला लागला, उशी टाचणींच्या तोंडावर आपटली आणि त्या झटापटीत मॅडमचा चष्मा खाली पडला. शेवटी बक्कल बसलं. चार वाजून चार मिनिटं झाली होती. मुलगी आता वर चढत होती आणि मामांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

मग चारही स्पीकरांतून माझा फोन वाजला.

"मुख्यालय बोलतंय. कार्यक्रम सुरू झाला का?"

"झाला, सर."

"ऐकू येतोय का?"

"आत्तापर्यंत येत होता. आपला फोन आल्यामुळे बंद पडला."

"म्हणजे येत नाहीये. तसं लेखी कळवा. नाही, थांबा, होल्ड करा, साहेबांना देतो."

आणि होल्डची धून सुरू झाली. तुम्हाला ती माहीत असेल, तेच सहा सूर पुन्हा पुन्हा, प्लास्टिकच्या खेळण्यातून आल्यासारखे. ती मॅडमना पूर्ण आली, टाचणींना निम्मी आली, मला फडक्यातून आली. मामांच्या स्पीकरातूनही आली. वीस दिवस चार खात्यांनी झटून तो स्पीकर जोडला होता आणि त्यातून हे वाजत होतं. आता मात्र मला भडभडून आलं.

मामांचा अंगठा स्टिअरिंगवरच्या लाल बटणावर होता. "साहेब, कापू का?"

मी बायकोचे फोन कापले आहेत, मुलांचे कापले आहेत, एकदा सासऱ्यांचा कापला आहे. वरिष्ठांचा फोन मी जन्मात कापलेला नाही. मी म्हणालो, "मुख्यालयाचा आहे, मामा."

मामांनी मान हलवली. आरशात बघितलं, रीतसर दिवा दाखवला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, पट्टा काढला आणि दार उघडून खाली उतरले. डाव्या हाताला, फुटपाथपलीकडे, एका शिंप्याचं दुकान होतं, एक दार आणि एक मशीन एवढंच. फळीवर जुना रेडिओ, बॅटरीचं झाकण निघू नये म्हणून त्याला रबर गुंडाळलेलं. मामा दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी रेडिओकडे बोट दाखवलं. शिंप्याने त्यांच्याकडे बघितलं, पायाने मशीन थांबवलं आणि हात वर करून खटका पिळला. वाढवायच्या बाजूला. पूर्ण.

हे आम्ही बंद काचेतून बघत होतो. आत सहा सूर चालूच होते.

"काच खाली करा," मॅडम म्हणाल्या, मग कोणाची वाट न बघता त्यांनी स्वतःच केली.

मुलीचा आवाज फुटपाथ ओलांडून आत आला. त्याला डावं-उजवं नव्हतं, मागचं-पुढचं नव्हतं. टाचणी मेकॅनिकच्या अंगावरून मॅडमच्या खिडकीकडे वाकले. दोन्ही कान घेऊन. मेकॅनिकने उशी पायाखाली टाकली. आणि मग ती मुलगी हळूहळू खाली उतरली, इतकी खाली की माझ्या छातीत काहीतरी हललं. तो खर्ज होता. मला तो अनुज्ञेय नव्हता. मी कान झाकले नाहीत, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतो.

"हॅलो," स्पीकरमधून साहेब म्हणाले. "आता ऐकू येतोय का?"

"येतोय, सर."

"गाडीतल्या मंजूर स्पीकरातून?"

"नाही, सर. शिंप्याच्या दुकानातून."

पलीकडे कागदांची चाळवाचाळव झाली. "शिंपी मंजुरीत नाही. ऐकणं थांबवा."

"सर, दार शिंप्याचं, रेडिओ शिंप्याचा. कसं थांबवू?"

"मग कार्यक्रम संपेपर्यंत ऐकू नका," साहेब म्हणाले, आणि त्यांनीच फोन ठेवला.

चार दहाला गाणं संपलं. निवेदिकेने मुलीचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. शिंप्याने काहीतरी विचारलं. मामांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. शिंपी उठला, त्याने त्याचं एकुलतं एक स्टूल मामांपुढे सरकवलं आणि स्वतः उभा राहिला. मामा बसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, इस्त्री मोडली, आणि परत येऊन गाडीत बसून पट्टा लावला.

"ड्यूटीवर वाहन सोडलंत, खुलासा द्यावा लागेल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"देतो, साहेब."

त्यांचा खुलासा एका ओळीचा होता: 'समोरून ऐकायचं होतं, ऐकलं.' मी तो फाइलला लावला आणि मुख्यालयाला अनुपालन कळवलं: उद्दिष्ट साध्य, पद्धत अमान्य. स्पीकरची वायर दुसऱ्या दिवशी परत काढली. एका मुद्द्यावर मात्र फाइल अजून उघडी आहे. अनोळखी माणूस दारात आला असता आवाज वाढवावा, असं शिंप्याने कोणत्या नियमाखाली ठरवलं? मी सगळी परिपत्रकं चाळली. असा नियम कुठेही नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी उशिरा सुटलो म्हणून मी भाड्याच्या गाडीने घरी निघालो. मागच्या डाव्या आसनावर बसलो. रेडिओ चालू होता, कोणीतरी गात होतं, चालक आरशात बघून गालातल्या गालात हसत होता. मी सवयीने म्हणालो, "जरा आवाज कमी करा." त्याने लगेच केला. गाडी बरीच पुढे गेल्यावर मला धस्स झालं, पण तोवर ते गाणं संपलं होतं, आणि कोण गात होतं हे विचारायला तोंड उरलं नव्हतं.

तुम्ही आमच्या नमुन्याला हसलात, उशीला हसलात, टाचणींच्या बोटाला तर फारच हसलात. हसा. पण परवा भाड्याच्या गाडीत बसल्या बसल्या, दार लागायच्या आत, तुम्ही पहिलं वाक्य कोणतं बोललात ते जरा आठवून बघा. तेव्हा कोण गात होतं, हे विचारलंत का? आम्ही निदान फाइल तरी उघडली होती.